दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य



विदर्भातील कोणत्याही खेड्यात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनात बहुधा एकच अर्थ उभा राहतो, तो म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. शिबिर, रांग, बेंबीजवळचा लहानसा छेद आणि लगेच घरी परत. ह्या समजुतीत चूक काही नाही. लॅप्रोस्कोपीचे तंत्र आपल्या ग्रामीण भागात प्रथम पोहोचले ते ह्याच निमित्ताने. परंतु ज्या उपकरणाने बीजवाहक नळ्या बंद करता येतात, त्याच उपकरणाने अंडाशयावरील गाठ काढता येते, नळीत रुजलेल्या गर्भामुळे होणारा रक्तस्राव थांबविता येतो आणि मूल न होणाऱ्या स्त्रीच्या नळ्या मोकळ्या आहेत किंवा नाहीत हे प्रत्यक्ष पाहता येते, ही माहिती मात्र तिच्यापर्यंत पुरेशी गेलेली नाही. संतती थांबविण्यासाठी जे तंत्र तिच्या गावापर्यंत चालत गेले, तेच तिच्या स्वतःच्या दुखण्यासाठी हवे असेल तर तिला नागपूर गाठावे लागते. तेथे ती पोहोचते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आणि कधी कधी उलटेही घडते. साध्या औषधाने भागले असते अशा दुखण्यासाठी तिची गर्भपिशवीच काढून टाकलेली असते. ह्या दोन्ही गोष्टी टाळणे केवळ डॉक्टरांच्या हाती नाही, म्हणून हा विषय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य ह्यांच्यासमोर मांडणे अगत्याचे ठरते.

उपकरणाचा प्रवास

पोटाच्या पोकळीत नळी घालून आत पाहण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०१ साली जर्मनीत गेओर्ग केलिंग ह्यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून आतील इंद्रिये पाहण्याचा प्रयोग केला. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस ह्यांनी हे तंत्र माणसांवर वापरले. तथापि त्याची जोपासना झाली ती प्रामुख्याने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हातून. पॅरिस येथे राऊल पामर ह्यांनी १९४० च्या दशकात वंध्यत्वाच्या निदानासाठी त्याचा पद्धतशीर उपयोग केला. इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो ह्यांनी १९६७ साली ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेल्या जगातील पहिल्या परीक्षानलिका-बालकासाठी लागलेले स्त्रीबीज त्यांनी दुर्बिणीच्याच साहाय्याने मिळविले होते. जर्मनीतील कील येथील कुर्ट झेम ह्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० च्या सुमारास दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा अनेक शल्यचिकित्सकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. पुढे दहा वर्षांतच त्याच शल्यचिकित्सकांच्या व्यवसायाने हे तंत्र आपलेसे केले. अमेरिकेत हॅरी राइश ह्यांनी १९८८ साली दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया ह्यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढून भारतात ह्या पर्वाचा आरंभ केला.

खेड्यांतील कथा थोडी वेगळी आहे. गर्भनलिकेवर सिलास्टिकची बारीक कडी चढविण्याची युक्ती १९७० च्या दशकात निघाली आणि दुर्बिणीची नसबंदी शिबिरांतून होऊ लागली. डॉ. पी. व्ही. मेहता ह्यांनी ग्रामीण शिबिरांतील १०,१०० स्त्रियांवर केलेल्या अशा शस्त्रक्रियांचा अनुभव १९८१ साली प्रसिद्ध केला, ह्यावरून त्या कामाचा आवाका ध्यानात यावा. ह्या कामाचा भार स्त्रीनेच उचलला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुष-नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्का होते.

छेद लहान असला म्हणजे काळजीही लहान चालते, ही समजूत किती घातक ठरू शकते, ह्याचे उदाहरण दूरचे नाही. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील बिलासपूर जिल्ह्यात ८ नोव्हेंबर २०१४ रोजी एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर दुर्बिणीची नसबंदी करण्यात आली. त्या व लगतच्या शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. एका पथकाने दिवसाला ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, असा शासकीय दंडक तेव्हाही होताच. पुढे १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करून ही सेवा कायमस्वरूपी आरोग्य केंद्रांतून द्यावी असा आदेश दिला.

शस्त्रक्रिया होते कशी

रुग्ण स्त्रीला संपूर्ण भूल देण्यात येते. बेंबीपाशी सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेऊन एक विशिष्ट सुई आत घालतात. हंगेरीच्या यानोश वेरेश ह्यांनी ही सुई १९३० च्या दशकात तयार केली ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी. तिच्या टोकात स्प्रिंगवर बसविलेला बोथट भाग असतो. कठीण थर पार होताच तो पुढे सरकतो आणि आतील इंद्रियांना टोच लागू देत नाही. ह्या सुईवाटे पोटात कर्बद्विप्राणिल, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. हाच वायू का, असा प्रश्न कोणी विचारील. तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेने रक्तवाहिनी जाळून बंद करताना धोका राहत नाही. शिवाय तो रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. वायूचा दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरच्या आसपास ठेवण्यात येतो. त्यामुळे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. टेबल डोक्याकडून खाली कलविले की आतडी छातीच्या दिशेने सरकतात आणि ओटीपोटातील गर्भाशय, अंडाशय व नळ्या मोकळ्या दिसू लागतात. मग बेंबीतून दुर्बीण आणि ओटीपोटावरील दोन-तीन अर्ध्या सेंटिमीटरच्या छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारे. शल्यचिकित्सक रुग्णाकडे न पाहता समोरच्या पडद्याकडे पाहून काम करतात. पोट फाडले असता जेवढे दिसते, त्याहून मोठे आणि स्पष्ट चित्र त्यांना तेथे दिसते.

लाभ उघड आहेत. रक्त कमी जाते, जखम पिकण्याचा संभव कमी, वेदना कमी, आणि रुग्णालयातील मुक्काम आठवड्यावरून एक-दोन दिवसांवर येतो. मोलमजुरी करणाऱ्या घरात ह्या दिवसांना रोकड किंमत असते. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, त्याने घरची मंडळी घाबरून जातात. तो उरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला होणाऱ्या त्रासाचा परिणाम असतो व आपोआप थांबतो.

मात्र धोके नाहीतच असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. सर्वांत नाजूक क्षण पहिल्या प्रवेशाचा. ज्या स्त्रीचे पोट पूर्वी उघडले गेले आहे, तिची आतडी बेंबीमागे चिकटलेली असू शकतात. अशा वेळी डाव्या बरगडीखालच्या जागेतून प्रवेश करतात, आणि त्या जागेला पामर ह्यांचेच नाव आहे. दुसरे भय मूत्रवाहिनीचे. ती गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. पोट उघडून गर्भाशय काढण्यापेक्षा दुर्बिणीतून काढताना मूत्रमार्गास इजा होण्याचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे तुलनात्मक अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच अडचण दिसताच पोट उघडण्याचा निर्णय घेणारा शल्यचिकित्सक अपयशी मानू नये. त्याने रुग्णाचे हितच पाहिलेले असते.

कोणत्या दुखण्यात उपयोग

सर्वप्रथम उल्लेख करावा लागेल तो नळीतील गर्भाचा. शंभर गर्भधारणांमागे एक-दोन वेळा गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नळीत रुजतो. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूस दुखणे, थोडे थोडे अंगावर जाणे आणि घेरी येणे ही त्याची लक्षणे. नसबंदी झालेल्या स्त्रीसही असे होऊ शकते, हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण ‘हिचे तर ऑपरेशन झाले आहे’ म्हणून घरात आणि कधी कधी दवाखान्यातही ही शक्यता विचारातच घेतली जात नाही. वेळेवर निदान झाले तर औषधाने किंवा दुर्बिणीतून उपचार होतो. नळी फुटून स्त्री गारठू लागली असेल, तर मात्र दुर्बिणीचा आग्रह धरू नये. जवळच्या ज्या रुग्णालयात रक्त आणि भूल देण्याची सोय असेल तेथे पोट उघडून तिचा जीव वाचविणे हेच योग्य.

अंडाशयावरील गाठीला पीळ पडणे हे दुखणे शाळकरी मुलींतही आढळते. अचानक उठलेली तीव्र कळ आणि उलट्या. काही तासांत दुर्बिणीतून पीळ सोडविला तर अंडाशय वाचण्याची पुष्कळ आशा असते. माध्यमिक शाळेतील शिक्षिकांनी अशा मुलीला ओव्याचे पाणी देऊन वर्गाच्या कोपऱ्यात निजवू नये.

एंडोमेट्रिऑसिस हा तिसरा विकार. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजालिका बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यांजवळ वाढते आणि पाळीच्या वेळी असह्य वेदना होतात. ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे म्हणून ज्या वेदना घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या गिळल्या गेल्या, त्यांतील किती ह्या रोगाच्या होत्या हे आता कोण सांगणार? त्याचा छडा लावण्यात दुर्बिणीचा मोठा वाटा आहे. वंध्यत्वाच्या तपासणीत गर्भाशयातून निळा रंग सोडून तो नळ्यांच्या टोकांतून बाहेर पडतो का हे पाहतात. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण जननेंद्रियांचा क्षय हे असल्याने ही तपासणी मोलाची ठरते. पतीची तपासणी मात्र त्याआधी झालेली असावी. ती अतिशय सोपी असते आणि तीच बहुधा टाळली जाते.

गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, अंग बाहेर येणे, गर्भाशयाच्या आतील मोड ह्यांवरही दुर्बिणीचे उपचार आहेत. अंग बाहेर येण्याच्या विकारावर गर्भाशय राखून करावयाच्या शस्त्रक्रिया डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे ह्या मुंबईच्या धन्वंतरींनी फार पूर्वी रूढ केल्या. आज त्याच तत्त्वावरील शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात.

गर्भपिशवी काढण्यापूर्वी

ह्या विषयातील खरी चिंतेची बाब येथे सुरू होते. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नागपूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी ह्यांनी तेथील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ह्यांतील पुष्कळसे विकार जंतुसंसर्गाचे, म्हणजे औषधांनी बरे होण्याजोगे होते. दुखणे सोसत राहायचे, कोणास सांगायचे नाही, आणि असह्य झाले की एकदम ‘पिशवी काढून टाका’ असे म्हणायचे, हा क्रम ह्या आठ टक्क्यांच्या आकड्यातून उलगडतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांविषयी २०१९ साली राज्य शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, कर्करोगाची भीती, दवाखान्याचा सल्ला अशी कारणे पुढे आली. देशभराच्या पाहणीतही ह्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश खाजगी रुग्णालयांत झाल्याचे दिसते. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असा आदेश दिला.

अंगावरून पांढरे जाते म्हणून गर्भाशय काढावयाचे नसते. अधिक रक्तस्रावासाठी आधी रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि वय अधिक असल्यास अस्तराच्या तुकड्याची तपासणी व्हावयास हवी. गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी, गर्भाशयात दुर्बीण घालून मोड काढणे असे उपाय त्यानंतर येतात. अल्पवयात गर्भाशयासह अंडाशयही काढले गेले, तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा संभव वाढतो. शेतात वाकून काम करणाऱ्या तिशीतल्या स्त्रीच्या हाडांचे मोल तिच्या घराला चांगले ठाऊक असते. दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया सोपी केली, हा तिचा गुण. पण सोपेपणामुळे ती अधिक वेळा होऊ लागली तर तो गुण राहणार नाही.

संमतीविषयी १६ जानेवारी २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय प्रत्येक सरपंचाला माहीत असावा. दिल्लीतील एका स्त्रीने केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. जिवाला तातडीचा धोका नसताना, शुद्धीवर आल्यावर विचारता आले असते अशा सज्ञान स्त्रीच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही, असे न्यायालयाने ठरविले. नवऱ्याची किंवा सासूची सही झाली म्हणजे काम भागले, ही समजूत ह्या निर्णयाने निकालात निघाली आहे. कागद मराठीत वाचून दाखविण्याची मागणी करण्यात काहीही गैर नाही.

सर्वच बाबतीत लहान छिद्र श्रेष्ठ असते असेही नाही. गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक कर्करोगात दुर्बिणीतून आणि पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियांची तुलना २०१८ साली प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के भरले. त्या कर्करोगासाठी जगभर पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळावे लागले. फायब्रॉइडची मोठी गाठ लहान छिद्रातून काढण्यासाठी ती आत यंत्राने कातरतात. त्या गाठीत न ओळखलेला कर्करोग असल्यास तो पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली दिला. आणि योनिमार्गे गर्भाशय काढण्याची जुनी पद्धत, जिच्यात पोटावर एकही छेद लागत नाही, ती जेथे शक्य असेल तेथे आजही पहिली पसंतीची ठरते. तिला महागडी यंत्रेही लागत नाहीत.

नागपूरला येताना आणि घरी परतताना

नागपुरातील ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही शासकीय महाविद्यालयीन रुग्णालये, गांधीबागेतील डागा स्त्री रुग्णालय, मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, तसेच वर्ध्याजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथे विदर्भातूनच नव्हे, तर बालाघाट, शिवनी, छिंदवाडा येथूनही स्त्रिया येतात. गडचिरोलीहून हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. इतक्या दूर येऊन ‘रक्त कमी आहे, महिन्याने या’ असे ऐकावे लागणे टाळता येते. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने त्याची तपासणीही आधीच झालेली असावी. सिकलसेलच्या रुग्णास भूल देताना थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि प्राणवायूची उणीव ह्या तिन्हींपासून जपावे लागते, आणि ते भूलतज्ज्ञास आधी ठाऊक असणे इष्ट.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली आता प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, हे भरती होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राकडे विचारावे. शिधापत्रिका आणि आधारपत्र घरी राहिल्यामुळे परत जावे लागलेल्या कुटुंबांची संख्या थोडी नसते, आणि ग्रामसेवकाच्या एका आठवणीने हे टळू शकते.

घरी परतल्यानंतरचा काळ अधिक जोखमीचा. पोटावर तीन बारीक चट्ट्या पाहून घरच्यांना वाटते, काहीच झालेले नाही. आणि आठव्या दिवशी बाई रोवणीला किंवा कापूस वेचायला उभी केली जाते. गर्भाशय काढले असेल तर आतील टाके भरून येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याच्या घागरी उचलू नयेत आणि पतीनेही संयम ठेवावा. ह्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दिवसेंदिवस बरे वाटत गेले पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे वाढले, पोट फुगले, ताप, उलट्या किंवा लघवी कमी झाली, अथवा योनीवाटे पाणी झिरपू लागले, तर आतडे वा मूत्रमार्ग दुखावल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. आशा कार्यकर्तीने पहिल्या आठवड्यात दोनदा घरी जाऊन एवढे प्रश्न विचारले तरी पुरे.

आणखी एक गोष्ट. काढलेली गाठ किंवा गर्भाशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी पाठविले जाते, आणि अहवाल येण्यास काही दिवस लागतात. तोवर स्त्री गावी परतलेली असते. दुखणे थांबलेले असते, भाड्याला पैसे नसतात, आणि अहवाल रुग्णालयाच्या कपाटात पडून राहतो. क्वचित त्यात कर्करोगाचे निदान असते. तो कागद आणून डॉक्टरांना दाखविला जाईपर्यंत उपचार पूर्ण झाला असे समजू नये. तो आणण्याचे काम घरातील पुरुषाने, नाही तर गावातून कामानिमित्त नागपूरला जाणाऱ्या कोणीही स्त्रीच्या चिठ्ठीनिशी करावे.